डॉक्टर होणाऱ्यांना नीती शिकवता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एमबीबीएसच्या मुलांना मी मेडिसिन शिकवतो आणि त्याबरोबर वैद्यकीय नीतीचे तासही घेतो. प्रवेशाच्या दिवशी पालक, वॉर्डाबाहेर मुलं आणि चहाच्या वेळी सहकारी मला जे विचारतात, ते बहुतेक वेळा तेच ते असतं. उत्तरं एका जागी सापडावीत म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहून काढली. उदाहरणादाखल आलेल्या पेशंटांची गावं, वयं, नाती मी बदलली आहेत.

चांगुलपणा घरातून येतो. कॉलेजात तो काय शिकवणार?

हा प्रश्न पालकांचा, आणि त्यात निम्मं तथ्य आहे. खोटं बोलू नये, हे अठरा वर्षांच्या मुलाला मी नव्यानं शिकवू शकत नाही. पण आमच्याकडे येणारी मुलं मुळात चांगलीच असतात. पहिल्यांदा वॉर्डात आलेला मुलगा पेशंट कण्हला की कावराबावरा होतो. पडदा न ओढता एखाद्या बाईचं पोट तपासायला घेतलं की मुली एकमेकींकडे बघतात. त्यांना खटकतं. साडेचार वर्षांनी तीच मुलं इंटर्न म्हणून त्याच वॉर्डात येतात, तेव्हा पडदा ओढायचं त्यांच्याही लक्षात राहत नाही. "सात नंबरचं लिव्हर", "खिडकीजवळचा टीबी" असं बोलायला लागलेली असतात. त्यांचे संस्कार कुठे गेलेले नसतात. खटकणं बोथट झालेलं असतं.

ते बोथट होऊ न देणं हे माझं पहिलं काम. दुसरं काम त्याहून अवघड आहे. खटकलं तर पुढे करायचं काय? कोणाला विचारायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, कायदा काय सांगतो, समोरच्या माणसाला नक्की काय हवंय हे त्याच्याकडून कसं काढून घ्यायचं? हे घरात शिकता येत नाही, कारण घरात असे प्रसंगच येत नाहीत. वडिलांचा व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा, असा प्रश्न कोणती आई मुलाला जेवताना घालते?

हे अभ्यासक्रमात आहे, की तुमची हौस?

अभ्यासक्रमात आहे. २०१९ साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा 'एटकॉम' नावाचा भाग सगळ्या कॉलेजांना सक्तीचा झाला. वृत्ती, नीती आणि संवाद या तिन्हींचं ते शिक्षण आहे. एकूण २७ मॉड्यूल, त्यांतली पाच पहिल्याच वर्षी. पहिलं 'डॉक्टर असणं म्हणजे काय', दुसरं 'पेशंट असणं म्हणजे काय'. आपल्याकडचं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, नियम सगळीकडे सारखाच.

सक्तीचा फायदा असा की वेळापत्रकात तास आला. तोटा असा की तास भरला म्हणजे काम झालं, असं सगळ्यांनाच वाटू शकतं. दीडशे मुलांसमोर स्लाइड दाखवून 'करुणा' शिकवता येत नाही. मी गट पंधरा-वीसचे करतो आणि शक्यतो वॉर्डातून आल्या आल्या बसतो, हातावर सॅनिटायझरचा वास असेपर्यंत.

पहिल्याच वर्षी मृतदेहापासून सुरुवात कशासाठी?

कारण मुलांचा पहिला पेशंट तोच असतो. एटकॉममध्येही मृतदेहाला 'पहिला शिक्षक' म्हटलं आहे. शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये मुलं फॉर्मालिनच्या वासानं आणि भीतीनं हसतात, विनोद करतात. मी त्यांना रागावत नाही, भीती अशीच बाहेर पडते. मी एवढंच विचारतो, की हा माणूस इथे कसा आला असेल?

उत्तर दोन प्रकारचं असतं. काहींनी जिवंतपणी देहदानाचा अर्ज भरलेला असतो, घरच्यांनी क्रियाकर्म बाजूला ठेवून तो शब्द पाळलेला असतो. काही देह बेवारस असतात. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार, ज्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही असे देह कॉलेजला मिळू शकतात. दात्यानं 'हो' म्हटलं होतं. बेवारस माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. शिकायला दोघांचे देह सारखेच उपयोगी पडतात, मग आपण दोघांचं सारखंच देणं लागतो का? मुलं यावर तासभर भांडतात. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, ज्याला विचारलं नाही त्याचं जास्त लागतो." त्यावर मला भर घालावीशी वाटली नाही.

चार तत्त्वं पाठ केली की भागत नाही का?

परीक्षेत भागतं. रुग्णाची स्वायत्तता, हित करणं, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं दोन अमेरिकी विद्वानांनी १९७९ साली मांडली. ती उपयोगी आहेत. अडचण एवढीच की वॉर्डात ती एकमेकांशी भांडत येतात.

एक ऊसतोड मजूर. मधुमेह असलेला, पायाला जखम, आत पू. दाखल होऊन तीन दिवस झाले आणि म्हणाला, "मला सोडा, मी जातो." मुलांनी चटकन उत्तर दिलं: स्वायत्तता आहे, कागदावर सही घ्या आणि जाऊ द्या. मग आम्ही खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मजुरी जोडीनंच धरलेली. तो इथे पडून, म्हणजे बायको फडात एकटी आणि उचल फिटत नाही. टोळी पुढच्या गावाला हलली की झोपडीही हलणार. याला आपण स्वतःच्या मर्जीनं घेतलेला निर्णय म्हणायचा का?

तत्त्वांची यादी इथे थांबते आणि काम सुरू होतं. समाजसेवा अधीक्षकांना बोलावलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद बघितले. बायकोला बोलावून ड्रेसिंग शिकवलं. टोळी जिथे जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी लिहिली. तो दोन दिवस जास्त राहिला आणि मग गेला. सगळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. पण 'सल्ला डावलून गेला' हा शेरा मारताना त्या गटातल्या एकाही मुलाचा हात पहिल्यासारखा सहज चालला नाही.

नातेवाईक सांगतात, "पेशंटला काही सांगू नका." तेव्हा काय शिकवता?

आपल्याकडे हा रोजचा पेच आहे, म्हणून यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. कॅन्सरचा रिपोर्ट आला की मुलगा डॉक्टरांना जिन्यापाशी गाठतो. "डॉक्टर, आईला काय बी कळू देऊ नका. ती खचंल." तो मायेपोटीच बोलत असतो. त्याला हक्क आणि स्वायत्ततेवर व्याख्यान देणं हा माझ्या मते उद्धटपणा आहे. आणि त्याचं निमूट ऐकणं ही आईशी प्रतारणा आहे.

आम्ही आधी मुलाचं ऐकून घेतो. त्याला नेमकी कशाची धास्ती आहे? मग सांगतो, "मी आपणहून त्यांच्या अंगावर काही टाकणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही." त्यानंतर आईला विचारायचं, "आजी, तुमच्या दुखण्याविषयी तुम्हाला स्वतःला किती समजून घ्यायचंय? का मी पोराशी बोलू?" काही आजी म्हणतात, "पोराशीच बोला." तेही स्वातंत्र्यच. न जाणून घेण्याचा हक्कही तिचाच आहे, फक्त तो तिनं वापरायचा, मुलानं नाही.

अशाच एका आजीनं तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारलं, "औंदा चैत्रात जोतिबाला जायला जमंल का रं?" रिपोर्ट त्यानं वाचला होता. तो म्हणाला, "जाल की आजी, नक्की जाल." गटात बसल्यावर त्यानं स्वतःच विषय काढला. आपण खोटं बोललो हे त्याला खटकत होतं. आम्ही शब्द शोधत बसलो. कुणी म्हणालं, खरं सांगून टाकायला हवं होतं. पण वॉर्डाच्या मधोमध, तिसऱ्या वर्षाच्या मुलानं? शेवटी एक साधं वाक्य सापडलं. "आजी, जोतिबाला जायचं लई मनात आहे का?" आणि मग गप्प बसायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं जाऊन तेवढंच विचारलं. आजी बराच वेळ बोलली, त्यात तिला सगळं उमगलंय हेही कळलं. त्यानं ते युनिटच्या मॅडमना सांगितलं, मॅडमनी घरच्यांना बसवून घेतलं. चैत्राची वाट न बघता घरच्यांनी आजीला गाडीनं डोंगरावर नेऊन आणलं.

संमतीपत्रावर सही असली की डॉक्टर सुरक्षित, नाही का?

नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात हे स्पष्ट केलं. एका महिलेनं फक्त दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालयानं म्हटलं, की जिवाला तातडीचा धोका नसताना एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, आणि शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीनं आईही संमती देऊ शकत नाही.

मुलांना मी एक सवय लावतो. समजावून झालं की "कळलं का?" असं विचारायचं नाही. त्यावर सगळे "व्हय" म्हणतात. विचारायचं, "घरी गेल्यावर मालकांना काय सांगाल, काय ऑपरेशन होणारे म्हणून?" पेशंट जे सांगेल तीच खरी संमती. उत्तर आलं नाही, तर समजावण्यात कमी आपली.

सरकारी दवाखान्यात उपचार फुकट मिळतात. मग शिकणाऱ्या मुलांनी तपासलं तर काय बिघडलं?

सुशिक्षित माणसंही हे विचारतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. उपचार हा पेशंटचा हक्क आहे. त्याची परतफेड त्यानं अंग उघडं करून करायची नसते.

आता, पेशंटला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, हेही खरं. वाढलेली पानथरी (प्लीहा) पुस्तकात बोटांना लागत नाही. म्हणून आमचे नियम साधे आहेत. आधी नाव सांगायचं, आपण विद्यार्थी आहोत हे सांगायचं, विचारायचं. "नको" म्हटलं तर आभार मानून पुढे जायचं, आणि त्याच्या उपचारात तसूभर फरक पडू द्यायचा नाही. एका पोटावर दहा-बारा हात पडता कामा नयेत. स्त्रीरोग विभागात भूल दिलेल्या बाईला तिच्या आधीच्या परवानगीशिवाय केवळ शिकण्यासाठी तपासायचं नाही, सांगणारा कितीही मोठा असला तरी. आपले पेशंट सहसा नाही म्हणत नाहीत. गगनबावड्याहून, चंदगडहून, घाट चढून कोकणातून आलेले लोक म्हणतात, "शिका बाळांनो, आमच्यासारख्यांच्याच कामी येशीला." म्हणून तर आधी विचारायला हवं.

घरचे आणि पाहुणे विचारतात, "मुलगा की मुलगी?" विद्यार्थ्यानं काय करावं?

हसून टाळू नये. स्पष्ट नाही म्हणावं.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यात शब्दानं, खुणेनं किंवा कुठल्याही प्रकारे गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. 'पेढे आणा', 'जिलेबी आणा' असं सांगणंही त्यात आलं. तरी २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. हा आकडा मी फळ्यावर लिहितो आणि पुसत नाही. मार्च २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेही मुलांना माहीत असतं. ऊस, दूध, सुबत्ता असलेल्या भागातलं हे वास्तव आहे. ते सोनोग्राफीच्या यंत्रानं आपणहून केलेलं नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी प्रशिक्षित माणूस 'हो' म्हणाला आहे.

म्हणून आम्ही 'नाही' म्हणायची तालीम करतो. अगदी नाटकासारखी. एक मुलगी आत्या होते, दुसरी नुकतीच डॉक्टर झालेली भाची. आत्या रडते, रुसते, "तुझ्या शिक्षणाला तुझ्या काकांनी पैसं दिलं" म्हणते. भाचीनं न चिडता, न डगमगता म्हणायचं, "आत्या, मला दिसलं तरी मी सांगणार नाही. वहिनीची तब्येत कशी आहे ते विचार, ते सगळं सांगते." पहिल्या वेळी बहुतेकींचा आवाज कापतो.

अल्पवयीन मुलगी गरोदर आहे आणि "कुणाला सांगू नका" म्हणते. गोपनीयता की कायदा?

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत असं काही समोर आलं तर पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. दुसरीकडे, पोलिसांच्या भीतीनं ती भोंदूकडे गेली तर जीव जाऊ शकतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं यातून वाट दिली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं किंवा तिच्या पालकानं विनंती केली, तर कळवताना डॉक्टरनं तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हे मुलांना तोंडपाठ हवं. तिच्याशी खोटं वचनही द्यायचं नाही. "कुणालाच सांगणार नाही" असं म्हणून नंतर फोन फिरवणं, यासारखी वाईट गोष्ट नाही. मला काय करावं लागेल आणि काय करावं लागणार नाही, हे सुरुवातीलाच सांगायचं.

सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. हा नियम १९७१ पासून आहे, आणि तरी नवऱ्याची सही मागितली जाते.

सीनियरनंच चुकीचं करायला सांगितलं तर?

मुलं हा प्रश्न तासात विचारत नाहीत. तास संपल्यावर, बाकीचे गेल्यावर विचारतात.

मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळी होती. पहाटे सीनियरनं सांगितलं, "राउंड येईल, बीपीचे तक्ते भरून टाक." मशीन एकच, बायका तीसेक, मी छत्तीस तास जागा. मी ओळीनं १२०/८०, ११०/७० लिहीत गेलो. त्यातल्या एका बाळंतिणीचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिनं सिस्टरना हाक मारली, सिस्टरनी मोजलं तर बीपी खूप चढलेलं. झटके येण्याच्या आधी इंजेक्शन मिळालं म्हणून ती वाचली. तक्त्यात माझ्या अक्षरात ११०/७० होतं. मला कुणी काही बोललं नाही. त्या वॉर्डात ते कुणाला विशेष वाटलंच नाही. ती बाई कशी दिसत होती हे मी विसरलो, ते अक्षर विसरलो नाही.

ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगतो, कारण त्या पहाटे मला 'नाही' म्हणायचे शब्द माहीत नव्हते. बंड करायला धैर्य लागतं. पण बहुतेक वेळा बंडाची गरजच नसते, एक नीट वाक्य पुरतं. "सर, मोजायला अर्धा तास लागेल, मोजूनच लिहितो. ज्यांचं झालं नाही त्यांची जागा कोरी सोडू का?" "मॅडम, हे पेशंटला सांगायला मला जमणार नाही, तुम्ही बोलाल का, मी शेजारी उभा राहतो." कोरी जागा लाज आणते, खोटा आकडा जीव घेतो. आणि वाक्य चाललं नाही तर युनिटप्रमुख, मग विभागप्रमुख, लेखी. मुलांना इंटर्नल मार्कांची भीती वाटते, ती खोटी नाही. त्यावर उपाय मुलांनी नाही, आम्ही शिक्षकांनी करायचा आहे. विद्यार्थ्यानं राउंडला शंका काढली आणि मी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं, तर त्या दिवशी मी २७ मॉड्यूलवर पाणी ओतलेलं असतं.

ही सगळी पाश्चात्त्य खुळं आहेत का? आपल्याकडे काय होतं?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला अग्नीच्या साक्षीनं उपदेश करतो. रोग्याच्या आरोग्यासाठी सर्व शक्तीनं झट, जीव गेला तरी रोग्याचं वाईट करू नकोस, परक्याच्या धनाची इच्छा धरू नकोस, घरात जे दिसेल ते बाहेर बोलू नकोस. वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच उपदेशात, राजाचा ज्यांच्यावर रोष आहे त्यांना आणि नवरा किंवा पालक सोबत नसलेल्या स्त्रीला औषध देऊ नकोस असंही आहे. ते आज आपण मान्य करणार नाही. दोन्ही मुलांसमोर ठेवावं असं मला वाटतं. हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेली ग्रीक शपथही तशीच वाचावी. जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा प्रतिज्ञा १९४८ ची. २०१७ मध्ये तिच्यात रुग्णाच्या स्वायत्ततेचा उल्लेख आला आणि डॉक्टरनं स्वतःच्या तब्येतीकडेही बघावं हे आलं. शपथ कुठली घ्यायची यावर वाद होतात. मला कुठलीही चालेल, मुलांनी ती आधी वाचून तिच्याशी भांडण केलेलं असेल तर.

आणि कोल्हापूरचं म्हणाल तर आपल्या सीपीआरकडेच, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाकडेच बघा. तेव्हा त्याचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांची इथल्या स्त्रियांच्या वॉर्डवर नेमणूक झाली होती. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्या क्षयानं गेल्या. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगता येत नाही म्हणून बायका मरतात, हे त्यांना खटकलं आणि एवढ्यावरून त्या समुद्र ओलांडून गेल्या. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी इथे काम केलं. आमच्या मुली याच शहरात शिकतात आणि अनेकींना हे ठाऊक नसतं.

तास मराठीत का घेता? परीक्षा तर इंग्रजीत आहे.

पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही. "पोटात कालवतंय", "कसनुसं हुतंय", "जीव घाबराघुबरा झाला" याचं भाषांतर करून केसपेपरवर जे उरतं, त्यात माणूस उरत नाही. शहरातल्या आणि बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना मी सांगतो, की चूक बोला पण बोला. एका तमिळ मुलीनं "मावशी, दुखतंय काय?" एवढंच शिकून घेतलं होतं. अख्खा वॉर्ड तिची वाट बघायचा.

एवढी नीती शिकवली तर मुलगा व्यवहारात मागे नाही का पडणार?

फीचा डोंगर पाठीवर असलेल्या वडिलांनी हे विचारलं तर मी रागावत नाही. रेफर केलेल्या पेशंटमागे कमिशन घेणं आणि देणं २००२ च्या आचारसंहितेनं निषिद्ध आहे. औषध कंपन्यांच्या भेटवस्तू आणि सहलींवर डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीनं बंदी आली. तरी 'कट' चालतो, हे तुम्हीही जाणता, मीही जाणतो. काही वर्षं तुमच्या मुलाचं उत्पन्न शेजारच्या डॉक्टरपेक्षा कमी असेल. हे मी लपवत नाही.

दुसरं एवढंच सांगतो, की कटावर चालणारा दवाखाना दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो. सरळ वागणाऱ्या डॉक्टरकडे तीन पिढ्या येतात. आपल्या गल्लीत असा एक जुना डॉक्टर तुम्हालाही आठवत असेल. त्याच्यावर घरच्यांनी किती विश्वास टाकला होता, तेही आठवा.

नातेवाईक मारायला उठतात, तिथे नीती काय करणार?

मारहाण हा डॉक्टरच्या बोलण्यातल्या चुकीचा परिणाम आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि निवासी डॉक्टरांची सुरक्षा ही संस्थेची जबाबदारी आहे. संवाद शिकवायचा तो माराच्या भीतीनं नाही. मध्यरात्री ज्याचा भाऊ गेला, त्याला ही बातमी जिन्यात उभ्यानं मिळू नये, म्हणून शिकवायचा.

पुरात, साथीत कोणाला आधी, हे कसं ठरवायचं?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ दिवसच्या दिवस बंद होता. औषधं, ऑक्सिजन, डायलिसिस, सगळं मोजून वापरायचं होतं. त्या वेळी ठरवायला बसलं तर ओळखीचा माणूस आधी येतो. म्हणून निकष आधी ठरलेले हवेत, लिहिलेले हवेत आणि एकट्यानं ठरवलेले नकोत. मुलांना मी पाच पेशंट आणि दोन यंत्रं देतो, वीस मिनिटं देतो. मग सांगतो, यातला एक तुमचा मामा आहे.

याला मार्क कसे देता?

कुरकुरतच देतो. मुलांनी लॉगबुकमध्ये लिहिलेलं मनोगत बघतो, पण 'मला पेशंटविषयी खूप सहानुभूती वाटली' असं लिहिलेलं पान मी परत करतो. काय दिसलं ते लिही म्हणतो. प्रात्यक्षिकात पेशंटची भूमिका करणाऱ्या माणसाला मी विचारतो, "हिनं तुमचं ऐकून घेतलं का?" त्याचं मत माझ्या मार्कांपेक्षा जास्त खरं असतं.

मी विद्यार्थी आहे. आज वॉर्डात काहीतरी खटकलं. मी काय करू?

झोपायच्या आधी चार ओळी लिही. पेशंटचं नाव नको, खाट नंबर नको, डॉक्टरचं नावही नको. काय झालं, तुला नेमकं कुठे टोचलं, तू काय केलंस, काय करावंसं वाटलं. मोबाइलवर नको, वहीत लिही. व्हॉट्सअॅपवर तर नकोच. पेशंटला आत्ता धोका असेल तर लिहीत बसू नकोस, ड्यूटीवरच्या सिस्टरना आणि निवासी डॉक्टरांना लगेच सांग. तसं नसेल तर वही घेऊन शनिवारी ये. एकट्याला यायला अवघड वाटलं तर मैत्रिणीला, मित्राला आण. दार लावून बसू, चहा मागवू, आणि तू लिहिलेलं आधी तूच वाचून दाखव.